शेषगिरीराव बायकोच्या वतीने खोकले

सर्व सुजाण स्त्रीपुरुषांस, त्यातही विशेषतः नवऱ्यांस, अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की श्री. शेषगिरीराव खोकले. बेंगळूरच्या एका जनाना हॉस्पिटलच्या ओपीडीत, तपासणीच्या पडद्याबाहेर ताठ उभे राहून, आपल्या धर्मपत्नीच्या वतीने खोकले. एकदा नव्हे, दोनदा. दुसऱ्यांदा जास्त मनापासून.

पडद्याच्या आत टेबलावर त्यांची पत्नी पद्मक्का होती, आमच्या चीफ मॅडम होत्या आणि मी होते, नवी कोरी हाउस सर्जन. चीफ मॅडमना सगळं हॉस्पिटल पाठीमागे दोड्डम्मा म्हणायचं, म्हणजे थोरली आई. त्यांनी पेशंटला कन्नडमध्ये हुकूम सोडला होता, “जोरागी केम्मी!” जोरात खोका. खोकला आला तो पडद्याबाहेरून, चांगला खर्जातला.

दोड्डम्मांनी माझ्याकडे पाहिलं. मी पद्मक्कांकडे पाहिलं. पद्मक्कांनी छताकडे पाहिलं.

“कोण खोकलं?”

“मी, मॅडम.” बाहेरून उत्तर आलं. “आणखी एकदा खोकू?”

यात शेषगिरीरावांचा दोष फारसा नव्हता. चिकपेटेतलं जुनं मराठी घराणं, तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं. घरातल्या सुनांनी परक्यांशी बोलायचं नाही ही पद्धतही तेवढीच जुनी. डॉक्टरनी विचारावं बाईला, उत्तर द्यावं रावांनी. भूक लागते का? लागते. झोप? उत्तम. पाळी? यावर राव स्वल्प अडखळले होते, पण मागे हटले नव्हते. सकाळपासून प्रत्येक प्रश्न त्यांनीच झेलला होता. हाही झेलला.

आता पद्मक्का आमच्याकडे आल्या कशा, ते सांगते. त्या देवघरात चक्कर येऊन पडल्या होत्या. ओठ कोरडे, जीभ कोरडी, नाडी जलद. दिवसभर पाणीच पीत नव्हत्या.

“व्रत असेल,” राव म्हणाले.

“सोवळं वाढलंय तिचं,” त्यांच्या आई तुंगक्का अभिमानाने म्हणाल्या. तुंगक्का म्हणजे पद्मक्कांच्या सासूबाई. अंगाने काडी, आवाजाने नगारा. “दिवसात चार वेळा न्हाते. चार वेळा लुगडं बदलते. आमच्या सगळ्या गणगोतात असं सोवळं नाही कुणाचं! मी सुनांना सांगते, शिका हिच्याकडून.”

मी मधुमेह धरून लघवी तपासली. साखर नाही. रक्त कमी असेल म्हटलं, तर रक्त बरं. हृदय ठणठणीत. मग मी केसपेपरवर ‘नर्व्हस’ असं लिहिलं. आमच्या काळी डॉक्टरला काही सुचलं नाही की पेशंट नर्व्हस असायचा.

खरी काळजी वेगळीच होती. मोठ्या मुलीचं, जानकीचं, लग्न तीन आठवड्यांवर होतं. इकडच्या पद्धतीत लग्नात ‘धारे’ असते. मुलीची आई वरून पाण्याची धार सोडते आणि वडील मुलीचा हात वराच्या हाती देतात. पद्मक्कांनी जाहीर केलं होतं, धारेला मी बसणार नाही, जाऊबाईंना बसवा. कारण विचारलं की उठून न्हायला जायच्या. वराकडच्यांनी निरोप धाडला होता, मुलीच्या आईलाच स्थळ पसंत नसेल तर आत्ताच सांगा. जानकी रडून रडून अर्धी झाली होती.

“तिला औषध द्या आणि धारेला बसवा,” राव मला म्हणाले, जणू दोन्ही एकाच कंपाउंडरकडे मिळतात.

तेवढ्यात दोड्डम्मा राउंड संपवून आल्या. शेजारच्या टेबलावर ड्रेसिंग चाललं होतं, त्याचा उग्र वास आला आणि पद्मक्का शिंकल्या. आम्ही सगळ्यांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. दोड्डम्मांनी पायांकडे. शिंकेबरोबर पद्मक्कांनी उभ्या उभ्या एका पायाची दुसऱ्या पायाला अढी घातली होती, घट्ट.

“टेबलावर घ्या,” दोड्डम्मा म्हणाल्या. त्यानंतरचा खोकल्याचा प्रसंग वर आला आहेच.

“राव,” दोड्डम्मा पडद्यावरून डोकं काढून म्हणाल्या, “हे वतीने होत नाही. तुम्ही बाहेर बाकावर बसा.”

राव गेले. मग पद्मक्का खोकल्या आणि टेबलावरची चादर ओली झाली. त्या दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागल्या आणि रडता रडताच सकाळपासून पहिल्यांदा बोलल्या.

“धाकट्याच्या बाळंतपणापासून आहे हे. शिंकले, हसले, घागर उचलली की होतं. मग न्हायचं, लुगडं बदलायचं. म्हणून पाणी पीत नाही. डॉक्टरबाई, भर मांडवात, धारेच्या वेळी झालं तर? लेकीचं लग्न विटाळायचं का मी?”

तर असं ते सोवळं होतं.

दोड्डम्मांनी मला कोपऱ्यात घेतलं. “सांग, काय आहे हे?”

माझ्या डोक्यात ते सगळे शब्द एकाच पिशवीत कोंबलेले होते. “अर्ज इन्कॉन्टिनन्स?” मी म्हटलं. त्यांची मान आडवी हलली. “ओव्हरफ्लो?” मान पुन्हा हलली. “फिस्च्युला?”

“उरलेलं पण म्हणून टाक,” त्या म्हणाल्या आणि शेवटी स्वतःच सांगितलं. इन्कॉन्टिनन्स म्हणजे लघवी न थांबणं. घाई होऊन मोरीपर्यंत पोचायच्या आत होते, ती अर्ज. खोकताना, शिंकताना पोटातून दाब येतो आणि गळते, ती स्ट्रेस. मूत्राशय तुडुंब भरून आपोआप सांडते, ती ओव्हरफ्लो. फिस्च्युला म्हणजे नको तिथे पडलेलं भोक, त्यात रात्रंदिवस गळतं. आणि मूत्राशय जागा सोडून पुढून खाली ओघळतं, त्याला सिस्टोसील म्हणतात. पद्मक्कांना दोन होत्या, स्ट्रेस आणि बेताची सिस्टोसील.

“आता घरच्यांना समजाव. तुमच्या भाषेत,” दोड्डम्मा म्हणाल्या आणि चहाला गेल्या.

आमच्या भाषेत! आमच्या मराठीत लग्न, श्राद्ध, सांबाराचा मसाला, सगळ्याला शब्द होते. याला कुणी कधी शब्द लावलाच नव्हता. मी बाकावर मायलेकांसमोर बसले.

“कंबरेच्या हाडांच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते,” मी सुरू केलं. “पेल्व्हिक फ्लोअर म्हणतात. पलंगाला नवार असते ना, तशी. बाळंतपणं होऊन होऊन ती सैल पडते. मग वरचं सामान खाली येतं.”

राव गंभीरपणे ऐकत होते. “सरी, बरं. आजच नवार बदलून घेतो. गादीही नवी करू का?”

“पलंगाची नव्हे, राव!”

“मग कुठल्या पलंगाची?”

मी तिसऱ्यांदा सांगेपर्यंत त्यांच्या लक्षात आलं. ते लालबुंद झाले, उठले, बसले. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, “म्हणजे स्थळ पसंत आहे तिला?”

“आहे.”

त्या माणसाने उपरण्याने डोळे पुसले.

ऑपरेशन लग्नानंतर करायचं ठरलं. तोवर दोड्डम्मांनी एक रबराची रिंग आत बसवली, ओघळलेलं वर उचलून धरणारी. आणि व्यायाम सांगितला: लघवी मधेच रोखताना जे आवळतो, ते आवळायचं, धरायचं, सोडायचं. भाजी चिरताना, जप करताना, कधीही. कुणाला कळत नाही. आणि पाणी प्यायचं, भरपूर.

शंका मात्र पद्मक्कांपेक्षा तुंगक्कांनाच फार. आवळायचं उपाशीपोटी की जेवून? एकादशीला चालतं? वय झाल्यावर केलं तर उपयोग होतो का? “सुनेची काळजी वाटते हो,” त्या म्हणाल्या. मी भोळेपणाने सगळी उत्तरं दिली.

लग्नाला दोड्डम्मांना आणि मला अगत्याचं बोलावणं होतं. छत्रात, म्हणजे इकडच्या मंगल कार्यालयात, पहिल्या रांगेत बसवलं. पद्मक्का हिरव्या रेशमी लुगड्यात रावांशेजारी उभ्या, हातात चांदीचा कलश. भटजींनी होमात तूप ओतलं, धुराचा लोट उठला आणि मला दिसलं, पद्मक्कांचं नाक थरथरलं. मी दोड्डम्मांचा हात धरला. त्यांनी माझा धरला होताच.

पद्मक्का शिंकल्या. चांगल्या दणदणीत.

पाय जागचे हलले नाहीत. अढी नाही. त्या क्षणभर तशाच राहिल्या, अंदाज घेत. मग त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि हसल्या, आणि धार सोडली. जानकीच्या हातावरून, जावयाच्या हातावरून, एक थेंब इकडेतिकडे न जाता.

त्या दिवसापासून मी एक नियम पाळत आले. नवऱ्याने सांगितलेली हिस्टरी नवऱ्याच्या केसपेपरवर लिहायची, बायकोच्या नाही.

पण त्या दिवशीचं शेवटचं वाक्य माझं नव्हतं. धार संपली, वाजंत्री क्षणभर थांबली, आणि त्या शांततेत मांडवाच्या दुसऱ्या टोकाहून तुंगक्कांचा नगारा वाजला:

“डॉक्टरबाई, उद्या मी येते खोकायला! ह्याला आणत नाही!”