विल्डा क्रेब्सचं ऑस्टरली पिस्तूल

विल्डा क्रेब्सने एकतीस वर्षं शाळेची बस चालवली आणि त्या एकतीस वर्षांत तिने बसच्या एकाही आरशावर पुरता विश्वास ठेवला नाही. मुलं चढली की ती मोजायची, उतरली की पुन्हा मोजायची, आणि शेवटचं पोर घराच्या दारात शिरेपर्यंत ब्रेकवरचा पाय उचलायची नाही. मागे गाड्यांची रांग लागो, कुणी भोंगे वाजवो, ही ढिम्म. इंजिनाचा सूर जरा बदलला की ती मेकॅनिकला हाक मारायची. तो म्हणायचा, "काही झालेलं नाही, बाई." ती म्हणायची, "मग पुन्हा बघ." बहुतेक वेळा खरंच काही झालेलं नसायचं. दोनदा झालेलं होतं. त्या दोन वेळांच्या जोरावर विल्डाचा शंकेखोर स्वभाव कायमचा पक्का झाला.

नवरा लॉइड गेला तेव्हा ती त्रेसष्ट वर्षांची होती. मिझुरीच्या दक्षिणेकडच्या डोंगरात, पेलम गावापासून चार मैलांवर तिचं घर. शेजार असा नव्हताच. लॉइडचं रिव्हॉल्व्हर कपाटात होतं, पण ते लोखंडाचं धूड. विल्डाची बोटं संधिवाताने आखडलेली, तिला त्याचा घोडा ओढवत नसे. म्हणून ती हार्लन गॉसच्या दुकानात गेली.

हार्लनने नेहमीची, नाव झालेली चार पिस्तुलं काढून दाखवली. एकाचीही स्लाइड, म्हणजे नळीवरचा सरकता भाग, तिला धड मागे ओढता येईना. मग तिचं लक्ष काचेच्या पेटीत कोपऱ्यात पडलेल्या एका काळ्या पिस्तुलाकडे गेलं. सांगाडा प्लॅस्टिकचा, मूठ बारीक. हातात घेतलं तर बेतून केल्यासारखं बसलं, आणि स्लाइड अलगद मागे आली.

"हे कोणतं?"

"ऑस्टरली. कुणी घेत नाही ते."

"का घेत नाही?"

"वाईट आहे म्हणून नाही. पण त्याचं काडतुसं भरायचं मॅगझिन मागवावं लागतं, त्याच्या मापाचं म्यान मिळत नाही, आणि अडलं तर शेजाऱ्याला विचारायची सोय नाही. शेजाऱ्याकडे दुसरंच असतं."

"एवढं स्वस्त का लावलंयस?"

"कुणी घेत नाही म्हणून."

"तेच तर विचारतेय. का घेत नाही?"

हार्लनने कपाळाला हात लावला. "माझी पोरं तुझ्या बसमधून उतरली की रडवेली का असायची, ते आज कळलं."

तिने ते घेतलं. हातात बसत होतं, यापुढे इलाज नव्हता. पण घरी जाईपर्यंत गाडीत दोनदा तिच्या मनात आलं, की इतकी सोयीची वस्तू इतके दिवस दुकानात पडून कशी राहिली?

गावाबाहेर चांदमारीचं मैदान होतं. दर शनिवारी सकाळी तिथे सात-आठ बायका जमायच्या. शिकवायला थर्मन बेल्स. अडुसष्ट वर्षांचा, फौजेत शस्त्रं शिकवलेला, ताठ मानेचा माणूस. त्या मैदानावर त्याचा शब्द शेवटचा. "ऑस्टरली?" पहिल्याच दिवशी तो म्हणाला. "खेळण्यांच्या दुकानातून आणलंस का गं?" बायका हसल्या. विल्डाही हसली, पण तिच्या लक्षात आलं, की बोलणारा स्वतः हसत नव्हता.

पिस्तूल बरं चालायचं, आणि मध्येच अडायचं. सुटलेल्या गोळीची पुंगळी बाहेर उडायच्या ऐवजी स्लाइडमध्ये आडवी बसायची. असं झालं की थर्मन लांबून ओरडायचा, "मनगट, विल्डा! मनगट ढिलं पडतंय तुझं!"

"ज्या मनगटाने मी भरलेली बस बर्फातून वळवली, ते मनगट?"

"बस वेगळी, पिस्तूल वेगळं."

तीन शनिवार तिने हे ऐकून घेतलं. चौथ्या शनिवारी तिने आपलं पिस्तूल काही न बोलता जोलीन स्ट्राउडच्या हातात दिलं. जोलीन गाईंच्या गोठ्यात वाढलेली, वासरू उचलून ट्रकमध्ये टाकणारी बाई. तिसऱ्या मॅगझिनला जोलीनच्या हातातही पुंगळी अडकली.

"आता हिचंही मनगट ढिलं का?" विल्डाने विचारलं.

थर्मनने तिच्याकडे न बघता टोपी सरळ केली. म्हणाला, "भंगार आहे ते. मला दे. तू दिलेस तेवढे पैसे देतो."

विल्डा सावध झाली. भंगार पूर्ण किमतीला कोण घेतं? तिने नाही म्हणून सांगितलं. पुढच्या मंगळवारी थर्मन तिच्या दारात हजर. हातात टोमॅटोंची टोपली. पाऊसपाणी, चर्चमधला मासळीच्या जेवणाचा बेत, इकडचं तिकडचं बोलून झालं आणि जाता जाता म्हणाला, "ते पिस्तूल द्यायचं काय ठरवलंस?"

टोमॅटो तिने ठेवून घेतले. पिस्तूल दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती हार्लनकडे गेली. "आजवर किती ऑस्टरली विकलीस तू?"

"तुझं धरून पाच."

"बाकीची चार कुठे आहेत?"

हार्लन आठवू लागला, आणि आठवता आठवता त्याचाच चेहरा बदलला. "एक थर्मनने स्वतः घेतलेलं. उरलेली तीनही... अगं, तीनही त्यानेच ज्याच्या त्याच्याकडून विकत घेतली. पण मैदानावर त्याच्या हातात मी कधी ऑस्टरली पाहिलं नाही."

विल्डाला त्या दिवशी जेवण गेलं नाही. या पिस्तुलाला पुढे मोठी किंमत येणार आहे आणि ते थर्मनला ठाऊक आहे, असं एकदा वाटलं. दुसऱ्या कुठल्या कंपनीकडून तो दलाली खातोय, असंही वाटलं. एकही शंका नीट बसेना.

मग ती गावातल्या वाचनालयातल्या संगणकावर जाऊन बसली. देशभरातल्या ऑस्टरलीवाल्यांची आपसात लिहायची एक जागा होती. दोन-अडीचशे माणसं, आणि सगळी कौतुक करणारी. 'तीन वर्षं वापरतोय, एकदाही अडलं नाही.' 'लोक उगाच नावं ठेवतात.' कुणी तक्रार केली की दहा जण अंगावर यायचे: तुझी काडतुसं हलकी, तेल कमी घातलंस, मनगट ढिलं. विल्डाला ते वाचून नवल वाटलं नाही. चारचौघांपेक्षा वेगळी वस्तू घेणाऱ्याला तिची तक्रार ऐकवत नाही, कारण ती तक्रार त्याच्या अकलेवर असते.

त्यातच तिला आयोनी सॅदर नावाच्या बाईचा मजकूर दिसला. नॉर्थ डाकोटातली, गव्हाच्या शेतावर राहणारी. तिने लिहिलं होतं: 'भरलेलं मॅगझिन घालून मी स्लाइड सोडली आणि गोळी सुटली. माझं बोट चापावर नव्हतं. गोळी स्वयंपाकघराच्या जमिनीतून तळघरात गेली. आणखी कुणाला असा अनुभव आहे का?' खाली बारा उत्तरं, आणि बाराही एकच सांगणारी: बोट चापावरच असणार.

विल्डाने तिथूनच तिला वेगळा निरोप पाठवून आपला फोन नंबर दिला. दोन दिवसांनी ती पुन्हा बघायला गेली, तर आयोनीचा मजकूर नाहीसा झालेला. खालच्या बारा उत्तरांसकट. कुणी काढला, का काढला, एक ओळ नाही.

त्याच दुपारी आयोनीचा फोन आला. आवाज दबका.

"तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवता म्हणून फोन केलात का, की हसायला?" तिने विचारलं. फोन तिनेच केलेला होता, हेही ती विसरली होती.

"मी कुणावर विश्वासबिश्वास ठेवत नाही," विल्डा म्हणाली. "तुमच्या पिस्तुलावरचा नंबर सांगा."

दोघींचे नंबर त्याच चार आकड्यांनी सुरू होत होते. पहिल्या वर्षाचा माल.

"माझा नवरा ओर्विल," आयोनी म्हणाली, "तेव्हापासून मला शेतावरच्या बंदुकीलाही हात लावू देत नाही. चाळीस वर्षं मी कोल्हे मारत आले. आता पाहुण्यांसमोर म्हणतो, हिचं वय झालं, हिला आता बोटांचं भान राहत नाही. आणि खरं सांगू? हल्ली मलाच वाटायला लागलंय, असेल माझं बोट चापावर."

विल्डाने फोन ठेवला आणि झोपायच्या खोलीतलं आपलं पिस्तूल उघडून आधी रिकामं केलं. महिनाभर ते भरलेलं, उशाशी होतं.

गुरुवारी सकाळी ती मैदानावर गेली. किल्ली थर्मनकडे असायची, म्हणून तो होताच, एकटाच. ती म्हणाली, "तू काही करू नकोस. माझ्या उजव्या हाताच्या बोटाकडे बघत उभा राहा."

"हे काय नवीन?"

"बघ म्हटलं ना."

कानांत बोळे घालून तिने पिस्तुलाचं तोंड मातीच्या बांधाकडे धरलं. एकच काडतूस घातलेलं मॅगझिन बसवलं. पहिलं बोट चापापासून दूर, सांगाड्यावर सरळ ताणून ठेवलं आणि स्लाइड सोडली. काही झालं नाही. काडतूस काढलं, पुन्हा घातलं, पुन्हा सोडली. दहादा. वीसदा. बोटं दुखायला लागली. थर्मन म्हणाला, "पुरे कर आता, विल्डा." त्याचा आवाज कोरडा पडला होता. हा माणूस कंटाळलेला नाही, घाबरलेला आहे, हे तिने ओळखलं, आणि ती थांबली नाही.

चौतिसाव्या खेपेला गोळी सुटली.

बांधावरची माती उडाली. विल्डा जागची हलली नाही. तिचं बोट होतं तिथेच होतं, सरळ, सांगाड्याला चिकटलेलं. तिने पिस्तूल रिकामं करून फळीवर ठेवलं आणि मागे वळली. थर्मन लाकडी बाकावर बसला होता, टोपी हातात घेऊन.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

त्याने टोपी गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाला, "दोन वर्षांपूर्वी. माझ्या ट्रकमध्ये. दार फोडून गेली गोळी. मी सगळ्यांना सांगितलं, पार्किंगमध्ये कुणीतरी ठोकलं."

"आणि ती बाकीची तीन?"

"माझ्या घरी आहेत. लोखंडी पेटीत. वाटलं, सगळी गोळा केली की इथे कुणाला काही होणार नाही. हार्लनकडे आणखी एक शिल्लक आहे, हे ठाऊक नव्हतं."

"सांगायला काय झालं होतं?"

"काय सांगू? थर्मन बेल्सच्या हातून ट्रकमध्ये गोळी सुटली? चाळीस वर्षं मी लोकांना शिकवतोय, बोट लांब ठेवा म्हणून. कोण म्हणणार होतं की पिस्तुलाची चूक? मीसुद्धा दुसऱ्या कुणाचं मानलं नसतं."

"म्हणून मला मनगटाचं सांगत बसलास. महिनाभर मी ते उशाशी घेऊन झोपत होते, थर्मन."

त्याने मान वर केली नाही. विल्डाला त्याची कीव आली आणि त्याच क्षणी त्याला दोन थपडा माराव्यात असंही वाटलं. तिने दोन्ही केलं नाही. ती म्हणाली, "शनिवारी सगळ्यांसमोर सांगायचं. तुझ्या तोंडाने. नाही सांगितलंस तर मी सांगेन, आणि मी गोड करून सांगणार नाही."

शनिवारी त्याने सांगितलं. उभं राहून, फौजेत हजेरी देतात तसं, एकेक वाक्य. जोलीन स्ट्राउड तेवढी म्हणाली, "आणि आम्ही टोमॅटो खात होतो तुझे," कारण टोपल्या तिच्याकडेही आल्या होत्या. त्याने शिकवणं सोडतो म्हटलं. बायकांनी हात वर करून मत दिलं, राहू दे म्हणून. विल्डानेही हात वर केला, सगळ्यांच्या नंतर, आणि अर्धाच.

कंपनीला पत्र गेलं. पाच पिस्तुलांचे नंबर आणि आयोनीचा, असे सहा. थर्मनने सही केली, हार्लननेही केली. दीड महिन्याने उत्तर आलं. कंपनी आपल्या जुन्या ग्राहकांसाठी 'मोफत सुधारणा' करून देत होती. चूक हा शब्द त्यात कुठेच नव्हता. विल्डाने ते पत्र तीनदा वाचलं, चष्मा पुसून चौथ्यांदा वाचलं, आणि हार्लनला म्हणाली, "न बिघडलेली वस्तू हे लोक फुकट का सुधारतायत?" हार्लन म्हणाला, "पिस्तूल पाठव तू, बाई." तिने पाठवलं. परत आलं तेव्हा आतला एक बारीक तुकडा बदललेला होता. तिने बांधासमोर दोनशे वेळा स्लाइड सोडून पाहिली. एकदाही गोळी सुटली नाही. पुंगळीही अडकली नाही. तरी ती ते घरात रिकामंच ठेवते, आणि काडतुसं दुसऱ्या खोलीत.

त्याआधी, कंपनीला पत्र गेलं त्याच आठवड्यात, तिने एक काम उरकून घेतलं होतं. थर्मनला घरी बोलावलं, कॉफी दिली, आणि आयोनीचा नंबर फिरवून फोन त्याच्या हातात ठेवला. पलीकडे ओर्विल होता. थर्मनने आपलं नाव सांगितलं, फौजेतला हुद्दा सांगितला, ट्रकचं सांगितलं, चौतिसाव्या खेपेचं सांगितलं. "मी डोळ्यांनी पाहिलं," तो म्हणाला. "बोट चापावर नव्हतं. तुमच्या बायकोचंही नसणार."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग ओर्विल म्हणाला, "तिला देतो फोन."

विल्डाने थर्मनच्या हातून फोन घेतला.

"काय सांगितलं त्या गृहस्थांनी ओर्विलला?" आयोनीने विचारलं.

"जे झालं ते. ओर्विल कुठे आहे?"

"गोठ्याकडे गेलाय. टोपी न घालता."

"माफी मागेल असं वाटतं?"

आयोनीने थोडा विचार केला. "मला नाही वाटत," ती म्हणाली. "पण कोल्ह्यांची बंदूक जाता जाता दाराशी आणून ठेवलीय."

"भरलेली आहे का बघ आधी," विल्डा म्हणाली.