तात्यांनी जुना केलेला पाट

तात्यांची आणि माझी पहिली गाठ मालगुंडजवळच्या त्यांच्या गणपतीच्या कारखान्यात पडली. मी शाडू मळायला गेलो होतो. "हात स्वच्छ धुतलेस? आता घाण कर," हे त्यांचं पहिलं वाक्य. तेव्हापासून मी त्यांचा शिष्य. तात्या आता पंचाहत्तर वर्षांचे झाले आणि त्यांच्या गौरव अंकाच्या संपादकांनी मला विषय दिला, 'तात्यांचा प्रामाणिकपणा'. तीन कागद फाडले. काय लिहू, देव जाणे!

आमच्याकडे मूर्तीसाठी प्रत्येक घर आपापला पाट आणून देतं. वाडीतल्या दोन सख्ख्या भावांचं वाटणीत आजोबांच्या फणसाच्या पाटावरून फाटलं. पाट थोरल्यांना मिळाला. धाकट्यांनी हट्टाने त्याच मापाचा नवा करून घेतला. आणि मी दिवटा! थोरल्यांची मूर्ती नव्या पाटावर बसवली, धाकट्यांची जुन्यावर. लक्षात आलं तोवर शाडू सुकला होता. उचलली असती तर मूर्ती भंगली असती.

मी रडकुंडीला आलो. तात्या म्हणाले, "झालं ता झालं. गप ऱ्हा." चहाचं पाणी, काजळी, खोबरेल. दुपारपर्यंत नव्या पाटाच्या कडा आजोबांच्या वेळच्या दिसू लागल्या. जुन्याच्या त्यांनी घासून कोऱ्या केल्या. थोरले मूर्ती न्यायला आले, कडेवरून हात फिरवत म्हणाले, "आजोबांचा हात लागलाय ह्याला." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

विसर्जनानंतर तात्यांनी डागडुजीच्या नावाखाली दोन्ही पाट मागवले. मी तेव्हा बहिणीकडे चिपळूणला. परतलो तर पाट घरोघरी पोचलेले.

"ज्याचा त्याला दिलात ना?"

"तूच ओळख."

दोन्ही घरी जाऊन पाहिलं. शपथेवर सांगतो, ओळखता आलं नाही.

याला कसब म्हणू की लबाडी? थोरले पाटाला हात जोडतात तेव्हा तात्यांचा रागच येतो. पण माझी चूक त्यांनी आजवर कुणाला सांगितली नाही, मला एका शब्दाने दुखावलं नाही, हेही खरं. डोकं नुसतं भणभणतं. परवा पुन्हा विचारलं. म्हणाले, "आठवत नाय रे आता." हे तरी खरं का, कोण जाणे.

दोघे भाऊ सत्कार समितीत आहेत, अजून एकमेकांशी बोलत नाहीत. भाऊंनो, पाटांची अदलाबदल मी केली. बोल मला लावा. खरा कुठला, हे विचारायला मात्र दोघांना तात्यांच्या ओटीवर यावं लागेल, आपापला पाट घेऊन, शेजारी शेजारी बसावं लागेल.

तात्या, उत्तराची घाई करू नका. प्रकृती सांभाळा, शंभरी गाठा. तोवर त्यांना येत राहू द्या.