लाटेखालचा मास्तर

उमापूरच्या शाळेत समाधान अकरा वर्षं तासिका तत्त्वावर कवायत शिकवत होता. कायम व्हायला काहीतरी निमित्त लागतं. ते यंदा एका परिपत्रकानं दिलं. जलक्रीडेचं प्रमाणपत्र आणेल त्या क्रीडाशिक्षकाला प्राधान्य. परीक्षा कोकणात. नऊ फुटी लाँगबोर्ड, म्हणजे लाटेवर स्वार व्हायची लांब फळी, घेऊन फुटणाऱ्या लाटांच्या पलीकडं एकट्यानं जाऊन दाखवायचं.

समाधान पोहायला शिकला होता विहिरीत. सराव त्यानं पाझर तलावात केला, शाळेच्या जुन्या फळ्यावर पालथं पडून. म्हशी पाण्यात उतरल्या की तेवढीच लाट. बायको वनिता काठावर धुणं धूत असायची.

"म्हशी बी उठून गेल्या," ती म्हणाली. "आता कुणाच्या पलीकडं जाता?"

कोकणात पहिल्याच लाटेनं त्याला बोर्डासकट वाळूत आणून ठेवलं. बोर्ड त्यानं छातीपुढं आडवा धरला होता, घरात घुसणाऱ्याला दाराच्या फळीनं अडवावं तसा.

"आडवा नाही, सर," प्रशिक्षक म्हणाला. "टोक लाटेकडं. एवढा लांब बोर्ड पाण्याखाली दाबता येत नाही. लाट आली की कडा घट्ट धरून बोर्डासकट उलटं व्हायचं, त्याच्याखाली लटकायचं. लाट वरून जाते."

"म्हंजे वर कुणी आलं की आपण खाली. हे येतंय मला."

खरंच येत होतं. संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब यांच्यापुढं तो इतक्यांदा उलटा झाला होता की अंगाला नवं काही शिकावं लागलं नाही. अडचण पुढची होती. लाट गेली की पुढची यायच्या आत सरळ होऊन हात मारायचे असतात. समाधान खालीच थांबायचा. आबासाहेब गेले की मागून त्यांचे मेहुणे येतात, हा अनुभव. तो वर येईतो दुसरी लाट त्याला किनाऱ्याकडं ढकलायची.

परीक्षेला आबासाहेब दोन गाड्या भरून आले. सत्कार आधी, परीक्षा मग. आबासाहेबांना फेटा, समाधानला हार, गुडघाभर पाण्यात दोघांचा फोटो. संधी तीन. दोन समाधाननं खालीच थांबून घालवल्या. तिसऱ्यांदा तो पाण्यात शिरला तेव्हा आबासाहेबांना भूक लागली होती.

"सोड बे, समाधान. फोटो झालाय. प्रमाणपत्राचं बघू आपण."

'बघू' त्यानं अकरा वर्षं ऐकलं होतं. लाट आली, तो उलटा झाला. खाली आबासाहेबांचा आवाज येत नव्हता. ही सोय त्याला कुणी सांगितली नव्हती.

फेस अंगावर असतानाच तो सरळ झाला, बोर्डावर पडला आणि हात मारू लागला. मागून हाक आली, मग आडनावासकट आली. त्यानं मान वळवली नाही. पुढची लाट फुटायच्या आत त्यानं गाठली. तिनं त्याला उचललं आणि पलीकडं ठेवलं.

होडीतून परीक्षकानं हिरवा झेंडा हलवला. समाधान बोर्डावर उठून बसला. लांब किनाऱ्यावर एक फेटेवाला हात हलवत होता.

"आवाजच आला न्हाई, साहेब, पाण्याचा लई गोंगाट," किनाऱ्यावर गेल्यावर सांगायचं ते तो स्वतःशी घोकू लागला. मग 'साहेब' आधी घेऊन पुन्हा म्हणून पाहिलं.