लालबागच्या चाळीत फुटलेला तारा

अँटॉप हिल ते लालबाग, हा काय प्रवास? पण काकांचा फोन आला आणि रविवारी दुपारी निघावंच लागलं. "आमच्या चाळीच्या हॉलात एक सर फुटलेला तारा दाखवणारेत. फुकट. फक्त सही करायची. येतेस काय गो?"

फुकट आणि सही एकत्र ऐकलं की माझे कान टवकारतात. चाळीचा पुनर्विकास दाराशी आलाय, खोली काकांच्या नावावर आहे. शिवाय संपानंतर गिरणीतल्या एका बाबूच्या सांगण्यावरून काकांनी कोऱ्या कागदावर सही केली होती. पुढे त्याच कागदावर त्यांचा राजीनामा निघाला.

जाणाऱ्यांसाठी: नायगावपर्यंत बस, पुढे परळमार्गे चालत. रविवारी बसची वाट बघण्यात अर्धा तास जातो. परळला मिसळ खाल्ली. रस्सा जहाल, पण एक प्लेट दोघांना पुरते. लालबागला मसाल्याच्या दुकानांवरून जाताना रुमाल हाताशी ठेवा.

सर गिरगावचे, निवृत्त शिक्षक. कॅरमबोर्डवर लॅपटॉप, समोर पंधराएक म्हातारी माणसं. मी आधी त्यांच्या पिशवीत डोकावले. बिल्डरच्या टॉवरची पत्रकं दिसली नाहीत. नीट लपवली असणार.

पडद्यावर एक ठिपका होता. "हा तारा मरण्याआधी कित्येक वर्षं स्वतःचाच वायू बाहेर टाकत होता," सर म्हणाले. "तो भोवती साचला. मग तारा फुटला आणि उडालेला माल त्या वायूवर आदळला. म्हणून हा इतका झगझगीत, आणि अजून विझत नाही."

काका उठून उभे राहिले. "गिरणीत आमच्या खात्यात रुईचे तंतू साचायचे. एक ठिणगी पडली की भडका! तसंच ना?"

"जवळपास तसंच. फक्त इथे आग नाही, धडकेने वायू तापून चमकतो."

काका लहान मुलासारखे हसले. त्यांना इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं.

मग कागद फिरला. नाव, खोली क्रमांक, सही. वर मजकूर काहीच नाही!

"खोली क्रमांक कशाला?" मी विचारलं.

"दर रविवारी हॉल हवा तर समितीला रहिवाशांच्या सह्या लागतात हो."

"कोणी सही करू नका," मी मोठ्याने म्हणाले. काकांनी पेनाला टोपण लावलं. कागद कोराच परत गेला. सरांनी लॅपटॉप मिटला. घरी येताना मी स्वतःवर भलतीच खूश होते.

पुढच्या रविवारी काकांचा फोन आला. "समितीचे सेक्रेटरी म्हणाले, सर खरंच बोलत होते. सह्या नाहीत म्हणून हॉल केटररला दिला, भांडी ठेवायला."

"सरांचा नंबर आहे?"

"कोणी घेतलाच नाही गो. तो तारा अजून दिसत असेल काय?"

"माहीत नाही," मी म्हणाले. कागद वाचल्याशिवाय सही करू नका, हे मी आजही सांगेन. पण चौकशी करायला म्हणून मुद्दाम गेले, आणि काकांपासून दोन दारं सोडून राहणाऱ्या सेक्रेटरींची कडी वाजवली नाही. याची मला लाज वाटते.