वेस्टमीथचे ससाणे आणि आईचं तिकीट

"तिकडे रमलीस तर परत यायची घाई करू नकोस," मी पहिल्यांदा डब्लिनला निघाले तेव्हा आई विमानतळावर म्हणाली होती. त्याला आता पंधराएक वर्षं झाली. गेल्या वर्षी तीन महिन्यांसाठी म्हणून आली आणि लॉकडाउनमुळे तीच इथे अडकली. आता एकदाचं तिचं नागपूरचं तिकीट निघालंय, पुढच्या शुक्रवारचं. जायच्या आधी सँडीफोर्डच्या या फ्लॅटबाहेरचं काहीतरी तिने बघावं, म्हणून शनिवारी गाडी काढली. खरं तर मला झोपायचं होतं. दीड वर्ष ऑफिस, माझ्या लेकीची, इराची शाळा आणि जेवणं एकाच टेबलावर झाली की माणूस सुट्टीच्या दिवशीही थकलेलाच उठतो.

शिकारी पक्ष्यांचं हे केंद्र वेस्टमीथ परगण्यात, मलिंगार गावाच्या पुढे आहे. एम-फोर हायवेवर एक टोल लागतो, मग अरुंद रस्ता. समोरून ट्रॅक्टर आला की गाडी मागे घ्यायची तयारी ठेवा. तिकीट ऑनलाइन आधीच काढा, सध्या मोजकीच माणसं आत घेतात. खायला चिप्स आणि स्कोन, बस. आमच्या तिखटमिठाच्या पुऱ्या पार्किंगमध्येच संपल्या.

खेळ मोकळ्या मैदानात होतो. ससाणा इतका जवळून गेला की आईने डोकं खाली घातलं आणि मग स्वतःशीच हसली. शेवटी पक्षी सांभाळणाऱ्या केव्हिनने विचारलं, हातावर बसवून खाऊ कोण घालणार? इराने आजीला पुढे ढकललं.

त्याने चामड्याचा हातमोजा पुढे केला. आईने उजवा हात दिला.

"डावा, आई. हा डाव्याच हातात घालतात."

"डाव्या हाताने कुणाला वाढतात का गं?"

मी केव्हिनला सांगितलं. उजव्या हाताचा मोजा त्याच्याकडे नव्हताच. "टेल हर इट्स ग्रँड," तो म्हणाला, "द बर्ड डझंट माइंड."

"पक्ष्याचं चालेल. माझं काय?"

शेवटी तिने मोजा घातला. केव्हिनने मोज्याच्या बोटांत मांसाचा तुकडा धरायला दिला. जन्मात न शिवलेली वस्तू. तिने मान वळवली. मग उजवा हात डाव्या कोपराला लावला, देवाला काही वाहताना लावतो तसा, म्हणजे वाढणं रीतीचं झालं. ससाणा आला, बसला. "जेव बाई, सावकाश," आई म्हणाली.

मागे पिल्लांच्या लाकडी खोल्या आहेत. रानात सोडायच्या पिल्लांना खाणं पाइपमधून सरकवतात. देणाऱ्याचं तोंड त्यांना दिसू द्यायचं नाही, नाहीतर ती माणसांच्या मागे लागतात आणि बाहेर जगत नाहीत.

"दॅट्स सो सॅड, आजी," इरा म्हणाली.

"सॅड कशाला? एकदा तोंडाची सवय झाली की जाववत नाही." आई त्या पाइपकडे बघत होती.

परतताना दोघी मागच्या सीटवर झोपल्या. मी वायपर लावून गाडी चालवत राहिले.

तुम्ही जाणार असाल तर जरूर जा, अर्धा दिवस पुरतो. माझा थकवा काही गेला नाही. मनात राहिला तो कोपराला लावलेला हात. दीड वर्ष आई मला तसंच वाढत होती, आणि मी लॅपटॉपवरून मान न उचलता जेवत होते.

घरी आल्यावर तिने बॅग पुन्हा उघडली आणि स्वेटर खाली, साड्या वर अशी लावायला घेतली. मुलीने परतायची घाई करू नये, असं म्हणणं तिला जमलं होतं. मला तेवढं मोठं होता येत नाही. ती काय म्हणणार, हेही मला ठाऊक होतं. नागपूरच्या शेजारणीला दूध सुरू करायला सांगून झालंय, म्हणेल. तरी ओट्याशी उभी राहून, तिच्या तोंडाकडे न बघता, मी विचारलं, "आई, दिवाळीपर्यंत थांबतेस का?"