काहीही बरं न करणारा साबण

ताईला सगळी गल्ली ताईच म्हणायची, अगदी तिच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा. सख्ख्या नात्याने तसं म्हणणारा मात्र एकच, तिचा धाकटा भाऊ. दोघंही एकटी, म्हणून एकाच घरात राहायची. ताईने उभी हयात इस्पितळाच्या धुलाईघरात काढली होती. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे पांढरे डगले. तिथून निवृत्त झाल्यावर तिला रिकामपण सोसेना. मग मागच्या खोलीत तिने साबण करायला घेतला.

भावाचं काम तोंडाचं. कापडाच्या मोठ्या दुकानाबाहेर उंच स्टुलावर बसून, हातात माइक धरून तो दिवसभर गिऱ्हाइकांना आत ओढायचा. "असा माल पुन्हा होणे नाही! आज आलात तर हसाल, उद्या आलात तर बसाल!" गल्लीतली पोरं त्याला भोंगामामा म्हणत आणि त्याचा त्याला अभिमानच होता. घरातही त्याचा आवाज खाली येत नसे. चहात साखर कमी पडली तरी अशा सुरात सांगायचा की शेजारणीकडून वाटीभर साखर यायची.

ताईचा साबण खरोखर चांगला होता. खोबरेल आणि एरंडेल ती मंद आचेवर कोमट करी. कॉस्टिक सोडा पाण्यात सोडताना खिडक्या सताड उघड्या, तोंडाला फडकं, हातात कोपरापर्यंत रबरी मोजे. त्या वेळी भावाला खोलीत पाऊल टाकायची बंदी असे. मग ढवळत बसायचं, मिश्रण दाटसर झालं की लिंबाच्या तेलाचे थेंब, आणि साच्यात ओतायचं. वड्या फळीवर कित्येक आठवडे वाळत पडायच्या. घाई केलेली तिला चालत नसे.

सुरुवातीला कागदावर नुसतं 'लिंबाचा साबण' एवढंच होतं. साबण विकायला ठेवणाऱ्या ब्यूटी पार्लरच्या बाईंनी एकदा नाक मुरडलं. म्हणाल्या, "नुसता साबण कोण घेतंय हल्ली? काहीतरी लिहा की वर." भाऊ जणू याचीच वाट पाहत होता. त्या रात्री जेवण अर्ध्यावर टाकून तो कागद घेऊन बसला. पहिल्या खेपेला 'शंभर टक्के नैसर्गिक' आलं. दुसऱ्या खेपेला 'केमिकलचा लवलेशही नाही'. मग सुरकुत्या पळू लागल्या, डाग विरघळू लागले, त्वचेला पुन्हा बालपण येऊ लागलं. शेवटी बारीक अक्षरात एक ओळ चढली: 'इसब, खाज, पुरळ मुळापासून बरे करतो.'

लबाडी त्याच्या मनात नव्हती, हे सांगायला हवं. त्याच्या मानेवर पुरळ यायचं, ते ताईच्या साबणाने गेलं, अशी त्याची ठाम समजूत होती. त्याच सुमाराला त्याने गळ्याशी काचणारा जुना शर्ट टाकून दिला होता. पण शर्ट टाकण्याला श्रेय कोण देतो? त्याने सगळं बहिणीच्या पदरात घातलं. आणि ताई कागद वाचायचीच नाही. "साबण माझा, तोंड तुझं," असं म्हणून तिने ते खातं त्याच्याकडे सोपवलेलं. भावाचं अक्षर वळणदार आहे, एवढंच ती कौतुकाने चारचौघांत सांगे.

गल्लीच्या टोकाला शिंपीणबाईंचं दुकान होतं. दुकान कसलं, एक शिलाई मशीन, एक आरसा आणि पडद्यामागे कपडे घालून बघायला जेमतेम जागा. बाई ताईहून धाकट्या, बोलायला कमी, दिलेल्या वेळेला पक्क्या. म्हणून ताईचा साधा झगा दोनदा पुढे ढकलला गेला, तेव्हा तिला रागापेक्षा नवल वाटलं. ती स्वतःच दुकानात गेली.

बाई मशीनवर बसल्या होत्या, पण मशीन चालू नव्हतं. दोन्ही हातांत पांढरे सुती मोजे.

"हे काय गं? उन्हाळ्यात मोजे?"

"काही नाही ताई. झगा उद्या देते."

"झगा जाऊ दे चुलीत. हात बघू."

बाईंनी हात मागे घेतले, पण धुलाईघरात जन्म काढलेल्या बाईपुढे किती लपवणार? ताईने हळूच मोजा काढला. बोटांची कातडी लाल, सोललेली, सांध्यासांध्याला चिरा. एका चिरेत रक्त सुकलेलं.

"अगं, इसब ना हे तुझं? मलम लावायचीस, कमी झालं होतं की."

"मलम सोडलं मी."

"का?"

बाईंनी मशीनच्या खणातून साबणाचा कागद काढला. इस्त्री केल्यासारखा सरळ करून ठेवलेला. "तुमचा साबण आहे ना. दिवसातून पुष्कळ वेळा धुते. मुळापासून जायचं म्हणजे आधी सगळं वर येत असेल, असं वाटलं मला."

ताईने चष्मा लावला आणि आपल्याच साबणावरचा मजकूर पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचला. मग घडी घालून तो कमरेला खोचला.

"एवढं दुखतंय आणि मला बोलली नाहीस?"

"तुम्ही एवढ्या मायेने करता," बाई खाली बघत म्हणाल्या. "कसं सांगणार, की मला सोसत नाही म्हणून?"

ताईने बाईंना उठवलं. दुकानाचं दार ओढलं, बाईंना रिक्षात घातलं आणि सरळ डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी हात पाहिले आणि विचारलं, "साबणाने बरं होईल, असं कुणी सांगितलं?"

"आम्ही," ताई म्हणाली. "साबण मीच करते."

डॉक्टर काही टाकून बोलले नाहीत. कुठल्याही साबणाने अशी कातडी आणखी कोरडी पडते, मलम पुन्हा सुरू करा, हातांना फार पाणी लावू नका, एवढंच त्यांनी सांगितलं. ते टाकून बोलले असते तर ताईला बरं वाटलं असतं.

संध्याकाळी भाऊ गुणगुणत घरी आला. ताईने कागद त्याच्यापुढे धरला. "हे काय आहे?"

"आपलं लेबल. का? शाई फुटली?"

"केमिकल नाही म्हणतोस? मग कॉस्टिक सोडा काय झाडाला लागतो? मी मोजे घालून, तोंड बांधून आत काय करत असते?"

"अगं, वाळल्यावर तो राहत नाही ना! तूच म्हणतेस."

"राहत नाही, म्हणून घातलाच नाही असं होतं का? आणि सुरकुत्या? माझ्या तोंडाकडे बघ. रोज कुठला साबण लावते मी?"

भावाने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि नजर वळवली. "सगळेच लिहितात गं. लोकांनाही ठाऊक असतं. मी दिवसभर ओरडतो, असा माल पुन्हा होणे नाही. दुसऱ्या दिवशी होतोच की! कुणी भांडायला येतं का?"

"चल," ताई म्हणाली. "चप्पल घाल."

तिने त्याला शिंपीणबाईंच्या घरी नेलं. बाई बिचाऱ्या उठून खुर्ची पुढे करायला लागल्या, आणि ती खुर्चीही त्यांना धरवेना. भावाने ते पाहिलं. पुढे होऊन त्याने ती खुर्ची स्वतःच धरली. मग "चुकलं माझं" असं इतक्या हळू म्हणाला, की बाईंना "काय म्हणालात?" असं विचारावं लागलं, आणि त्याला ते पुन्हा म्हणावं लागलं.

दुसऱ्या दिवशी तो दुकानादुकानांत फिरून वड्या परत घेऊन आला. पार्लरच्या बाई वैतागल्या. "खरं लिहून कुणाचं काय विकलं गेलंय?" असं म्हणून त्यांनी उरलेला माल पिशवीत कोंबला, आणि पुन्हा कधी ठेवून घेतला नाही. पण विकल्या गेलेल्या वड्यांचं काय? त्या कुणाकुणाच्या न्हाणीघरात गेल्या असतील, हे ताईला कुठे ठाऊक? तिला घास गोड लागेना. तेव्हा भाऊच म्हणाला, "रविवारी बाजारात मी सांगतो सगळ्यांना."

रविवारच्या बाजारात त्यांचं टेबल असायचं. भावाने दुकानातून माइक मागून आणला, घसा खाकरला, आणि त्याच त्या खणखणीत आवाजात सुरू झाला. "या, या! ऐका, ऐका! हा साबण काहीही बरं करत नाही! इसब बरं करत नाही, खाज बरी करत नाही! आमच्या कागदावर लिहिलंय ते खोटं आहे, आणि ते मी लिहिलंय! इसबावर लावत असाल तर आजच बंद करा आणि डॉक्टरकडे जा! वडी परत आणा, पैसे घेऊन जा!"

आयुष्यात त्याच्याभोवती एवढी गर्दी कधी जमली नव्हती. ताई मान खाली घालून बसली होती, पण तिने त्याला थांबवलं नाही. काहींनी वड्या परत दिल्या, काही हसून पुढे गेले. एक आजोबा मात्र हमरीतुमरीवर आले. "बरं करत नाही कसा? माझी खाज गेली की!"

"दुसऱ्या कशाने गेली असेल, आजोबा."

"मला शिकवू नकोस! साबणानेच गेली!"

"नाही हो गेली!" भाऊ काकुळतीला आला. स्वतःच्याच थापेशी असं भर बाजारात भांडायची वेळ त्याच्यावर आली होती. आजोबा दोन वड्या विकत घेऊन तणतणत निघून गेले.

एक जाडशी बाई पुढे झाल्या. "आणि सुरकुत्यांचं काय?"

"जाणार नाहीत, बाई. पण स्वच्छ राहतील."

बाईंनाच आधी हसू फुटलं, मग ताईलाही. कितीतरी दिवसांनी ती हसत होती.

नवा कागद ताईने सांगितला आणि भावाने लिहिला. तेलं कुठली, सोडा घातला आहे, वास कशाचा, अंग स्वच्छ होतं. कातडीचा काही आजार असेल तर डॉक्टरांना विचारून वापरा. लिहिताना भाऊ मध्ये मध्ये पेन उचलून तिच्याकडे आशेने बघायचा, आणि ती मान हलवायची. खप उतरला तो उतरलाच. पुन्हा पहिल्यासारखा झाला नाही. फळीवर वड्या पूर्वीपेक्षा जास्त दिवस वाळत राहिल्या, आणि ताईच्या मते त्यामुळे जास्तच चांगल्या झाल्या.

शिंपीणबाईंचे हात सुधारायला बराच काळ लागला. चिरा मिटल्या, लाली उतरली, तरी मधूनमधून त्रास होतोच. तसा तो आधीही होता. तोवर झगा तसाच बेतलेला पडून राहिला. ताईने तो दुसऱ्या कुणाला शिवू दिला नाही.

आता बाजाराच्या दिवशी बाईही त्यांच्या टेबलापाशी येऊन बसतात. उरल्यासुरल्या कापडातून वड्यांसाठी छोट्या पिशव्या शिवतात. परवा एका मुलीने साबण हुंगत त्यांना सहज विचारलं, "तुम्ही हाच वापरता का?"

"नाही बाई," शिंपीणबाई सुईत दोरा ओवत म्हणाल्या. "मला हा मुळीच सोसत नाही."

मुलगी गोंधळून ताईकडे बघू लागली. भावाने काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं. ताईने त्याला कोपराने ढोसलं, आणि बाईंच्या अंगावर ऊन येत होतं म्हणून त्यांची खुर्ची सावलीत ओढून घेतली.