माशांची निजायची खोली

"माशाला पापणी नसते, पावणं," असं म्हणून तो स्वतःच्या डोळ्यांवर दोन बोटं ठेवायचा. बंगल्याचा मालक असो, नाहीतर वाळू टाकायला आलेला ड्रायव्हर, ऐकल्याशिवाय सुटका नाही.

तुम्ही बंगल्यांच्या बागेतली तळी बघितली असतील. दिवेलागणीला पाणी आतून उजळतं, झाडाची सावली त्यात हलते. कोल्हापुरातल्या बऱ्याच तळ्यांचा दगड माझ्या हातचा आणि उजेड त्याच्या. मी तिसरीत शाळा सोडली, पण माझं तळं झिरपलंय असं कुणी दाखवावं! तो मंगळवार पेठेतला. वायरिंगची कामं करता करता पाण्यातल्या दिव्यांकडं वळला. दिवा दगडाआड असा बसवायचा की उजेड दिसावा, दिवा दिसू नये.

पण प्रत्येक तळ्याचा एक कोपरा तो अंधारात ठेवायचा. तिथं मला दगडाची कपार करायला लावायचा.

"ही कशाला रं?"

"निजायची खोली. डोळं मिटता येत न्हाईत त्यास्नी. उजेडात झोप लागंल व्हय?"

मालक लोक कुरकुरायचे. हा तोंडावर सांगायचा, "कोपरा उजळायचाच असंल तर दुसरा माणूस बघा," आणि पक्कड पिशवीत टाकायचा. माझं त्याच्याशी जमलं ते यामुळंच. वाकणारा माणूस मला आवडत नाही.

एकदाच वाकला. एका डेअरीवाल्याच्या म्हाताऱ्या आईपुढं. आक्का अंथरुणाला खिळलेल्या. खिडकीतून तळं दिसायचं, पण दिवे लागले की मासे कपारीत.

"मासं कुठं गेली रं? दिवं लावलंस ते दगड बघाय व्हय?" आक्का ओरडल्या.

मालकाला न जुमानणारा हा गडी खाली मान घालून पाण्यात उतरला आणि कपारीत दिवा लावून आला.

मग त्याला चैन पडेना. रोज संध्याकाळी स्कूटरवरून बंगल्यावर. खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर बसून विचारायचा, "आक्का, बघून झालं? विझवू?"

"थांब की जरा. बायको वाट बघतिया व्हय?"

"बायको कसली, मासं वाट बघत्यात."

आक्का खो खो हसायच्या, सुनेला चहा ठेवायला सांगायच्या. त्यांचा डोळा लागला की हा कपारीतला दिवा विझवून घरी जायचा.

मी म्हटलं, "सुनबाईला सांग की बटण बंद करायला."

"मी लावलाय, मीच विझवणार."

पुढं पुढं आक्का जास्तच उशिरा झोपायला लागल्या. मासे सुस्तावले. टाकलेलं खाणं तसंच तरंगायचं. एक मेला, मग आणखी एक. त्यानं ते पेरूखाली पुरले आणि तसेच दुसरे आणून सोडले. आक्कांना कळू दिलं नाही. मला एवढंच म्हणाला, "माझ्या हातनं झालं हे."

गेल्या पावसाळ्यात त्याच्या छातीत कळ आली आणि तो गेला. म्हातारा म्हणण्याइतकं वयही नव्हतं.

त्याचं दिवसकार्य झाल्यावर मी आक्कांकडं गेलो. कपारीतला दिवा जळतच होता. घरच्यांनी त्यांना 'गावाला गेलाय' म्हणून सांगितलेलं. मला खोटं बोलता येत नाही. तो गेल्याचं सांगितलं, माशांचंही सांगितलं.

 आक्का म्हणाल्या, "मासं मेली, तर सांगायचं न्हाय व्हय मला? मासं बघून माझं चार दिसातच झालं हुतं रं. दिवा विझला की त्यो उठून जायचा. हिकडं दुसरं कोण फिरकतंय? म्हणून थांब म्हणत हुते."

तो त्यांच्या झोपेची वाट बघत बसला आणि त्या त्याच्यासाठी जाग्या राहिल्या. दोघांपैकी एकानं तरी तोंड उघडायला पाहिजे होतं. आता हे त्याला जाऊन सांगणार कोण?

मी बाहेर जाऊन कपारीतला दिवा बंद केला. पाण्यात शेपट्या हलल्या, मग सगळं शांत झालं. मागं वळून बघितलं तर आक्का खिडकीतून बघत होत्या. तळ्याकडं नाही, कट्ट्याकडं.